पाण्यातला चष्मा

गेल्या वैशाखात, संध्याकाळची रुग्णांची रांग संपवून मी खुर्ची मागे सरकवीत होतो, तेवढ्यात एक बाई एकट्याच आत आल्या. ओळखीच्या होत्या. त्यांचे सासरे, निवृत्त गणित शिक्षक, माझे पंधरा वर्षांचे रुग्ण. सारे गाव त्यांना गुरुजी म्हणते, मीही म्हणतो. बाई बसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, औषध लिहून घ्यायला नाही आले. चार महिन्यांपूर्वी तुम्ही बाबांचं पोहणं बंद केलंत. तेवढं परत घेता येईल का, ते विचारायला आले आहे."

मी बंद केले होते, हे खरे. त्यामागची हकिकत अशी. गुरुजींचे वय ७४. पोहणे ते लहानपणी कृष्णेत शिकले, पाठीला सुकलेला भोपळा बांधून. पुढे नदीचे पाणी पोहण्याजोगे राहिले नाही, तेव्हा ते नगरपालिकेच्या तलावावर जाऊ लागले. रोज सकाळी पंचवीस मीटरच्या वीस फेऱ्या, सावकाश. डोळ्यांचा नंबर उजवीकडे उणे ७, डावीकडे उणे साडेचार. मोतीबिंदूची नुकतीच सुरुवात, शस्त्रक्रियेला अवकाश आहे असे नेत्रतज्ज्ञांचे मत. दोन्ही कानांना श्रवणयंत्र. डाव्या कानाच्या पडद्याला तरुणपणापासून छिद्र. आणि मधुमेह, बराचसा आटोक्यातला. अशा माणसाने चष्मा आणि श्रवणयंत्र काठावर ठेवून पाण्यात उतरायचे, म्हणजे डोळे आणि कान दोन्ही काठावर ठेवून उतरण्यासारखेच. एके दिवशी समोरची भिंत दिसली नाही, डोके फरशीवर आपटले, तीन टाके पडले. ते टाके मीच घातले. त्याच आठवड्यात डाव्या कानात पाणी जाऊन पाण्यातच गरगरले, हेही त्यांनी सांगितले. मुलगा घाबरला होता. मी क्षणभरही विचार न करता म्हणालो, "गुरुजी, आता पुरे."

त्यानंतर चार महिन्यांत काय झाले ते सूनबाईंनी सांगितले. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ७.१ वरून ८.३ वर गेला होता. गुडघे धरले होते. सकाळी पाचला उठणारा माणूस आठपर्यंत अंथरुणात पडून राहत होता. शेवटचे वाक्य त्यांनी मान खाली घालून उच्चारले. "बाबा कुणाशी बोलत नाहीत. नातीशीसुद्धा नाही."

वाचकहो, 'बंद करा' हा आमच्या व्यवसायातला सर्वांत स्वस्त सल्ला आहे. तो द्यायला काही वाचावे लागत नाही. त्या रात्री मी मात्र वाचायला बसलो. प्रश्न साधा होता. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याच्या कानात पाणी जाऊन चालत नाही, अशा माणसाने पोहायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाच्या ग्रंथांपेक्षा स्पर्धेच्या तलावावर अधिक सापडते, हे मला तेव्हा कळले. अव्वल जलतरणपटूंसाठी जी साधने एकेका शरीराच्या मापाने बनवली गेली, त्यांतली काही आपल्या घरातल्या आजी-आजोबांच्या फार उपयोगाची आहेत. काही मुळीच नाहीत. दोन्हींबद्दल सांगतो.

आधी डोळ्यांचे. आपल्या डोळ्याची प्रकाश वाकवण्याची सर्वाधिक ताकद बुबुळावरच्या पारदर्शक पटलात असते, आणि ती ताकद पटलासमोर हवा असते म्हणून असते. पाण्याचा आणि त्या पटलाचा वक्रीभवनाचा गुण जवळजवळ सारखाच. त्यामुळे पाण्यात डोळा उघडला की ती ताकद जवळपास नाहीशी होते आणि धडधाकट डोळ्यालाही सारे अंधुक दिसते. गॉगल घातला की डोळ्यासमोर पुन्हा हवेचा कप्पा येतो आणि डोळा आपले काम करू लागतो. म्हणजे गॉगल हा नुसता क्लोरीन अडवण्याचा पडदा नाही. मात्र सपाट काचेतून पाहताना पाण्यातली वस्तू खऱ्या अंतराच्या सुमारे तीन चतुर्थांश अंतरावर भासते. चार फुटांवरची भिंत तीन फुटांवर दिसते. नवशिक्याचा हात त्यामुळे भिंतीपाशी लवकर पुढे जातो. सवयीने हे जमते.

पण ज्याचा नंबर उणे ७ आहे त्याला साध्या गॉगलमधून भिंत जवळही दिसत नाही आणि लांबही, ती मुळी दिसतच नाही. नंबरचे गॉगल मिळतात ही गोष्ट आपल्याकडे, आणि कबूल करतो, माझ्यासारख्या डॉक्टरांतही, फारशी माहीत नाही. तयार गॉगल ठरावीक नंबरांत, अर्ध्या अर्ध्या नंबराच्या टप्प्याने येतात. काहींत दोन डोळ्यांच्या भिंगांची जोडी वेगवेगळी निवडून मधल्या पट्टीने जुळवता येते. तिरप्या नंबराची भिंगे तयार गॉगलमध्ये सहसा नसतात. तो नंबर थोडा असेल तर त्याचा निम्मा भाग मुख्य नंबरात मिळवून चालवून घेतात, जास्त असेल तर चष्मेवाल्याकडून खास भिंगे घडवून गॉगलच्या आत बसवून घ्यावी लागतात. गॉगल चष्म्यापेक्षा डोळ्याच्या अधिक जवळ बसतो, म्हणून मोठ्या उणे नंबरात तो किंचित कमी करावा लागतो. हे गणित चष्मेवाल्यावर सोडावे. दुकानात उभ्या उभ्या नातवाच्या अंदाजाने गॉगल घेऊ नये.

इथे दोन सूचना, आणि त्या मी थोड्या मोठ्या आवाजात देतो. पहिली, कॉन्टॅक्ट लेन्स घालून तलावात उतरू नये. अकॅन्थामिबा नावाचा एक सूक्ष्म जीव पाण्यात असतो, तो लेन्सच्या आड बुबुळाला धरून बसतो आणि त्याचा संसर्ग दृष्टी घालवू शकतो. दुसरी सूचना काचबिंदूच्या रुग्णांसाठी. छोट्या वाटीचा, डोळ्याच्या खोबणीत घट्ट रुतणारा, शर्यतीचा गॉगल डोळ्यावरचा दाब वाढवू शकतो. ज्यांना काचबिंदू आहे, विशेषतः ज्यांची त्यासाठी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी मोठ्या चौकटीचा, कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर टेकणारा गॉगल घ्यावा आणि आधी नेत्रतज्ज्ञांना विचारावे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी तर त्यांची परवानगी मिळेपर्यंत तलावाकडे फिरकूच नये.

आता कान. डाव्या कानात पाणी गेल्यावर गुरुजींना का गरगरले? आपल्या अंतर्कर्णात तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव असतो. एकाच कानात थंड पाणी गेले की त्या बाजूचा द्रव थंड होऊन हलू लागतो, मेंदूला वाटते आपण फिरतो आहोत. कानाचे डॉक्टर तपासणीसाठी हीच युक्ती मुद्दाम वापरतात. पडदा शाबूत असेल तर हा परिणाम सौम्य असतो. पडद्याला छिद्र असेल तर पाणी थेट मधल्या कानात जाते आणि परिणाम जोरात होतो. जमिनीवर गरगरले तर माणूस खाली बसतो. पाण्यात वर कुठे आणि खाली कुठे हेच कळेनासे होते. गुरुजींच्या डोक्याला पडलेल्या टाक्यांपेक्षा मला धास्ती या गोष्टीची घ्यायला हवी होती.

यावर उपाय म्हणून कानाच्या मापाचे बोळे करून घेता येतात. श्रवणतज्ज्ञ कान तपासून आत दोरा बांधलेला स्पंजाचा तुकडा बसवतात, म्हणजे पुढचा लगदा पडद्यापर्यंत जाणार नाही. मग दोन भागांचे मऊ सिलिकोन मिसळून कानाच्या पोकळीत भरतात. काही मिनिटांत ते घट्ट होते आणि अखंड साचा बाहेर येतो. त्यावरून प्रयोगशाळेत पाण्यावर तरंगणारे बोळे घडवतात, म्हणजे निसटले तरी तळाशी जात नाहीत. पडद्याला छिद्र असेल तर हा साचा घेण्याचे काम कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्हावे. बाजारातले फोमचे बोळे आवाजासाठी असतात, पाण्यासाठी नसतात. ते पाणी शोषून घेतात. तेलात भिजवलेला कापूस ही आपल्याकडची जुनी रीत. तोही चार फेऱ्यांनंतर भिजतोच. बोळ्यांवरून कानपट्टी बांधली की अधिक बरे. आणि बोळे घालून बुडी मारायची नाही. बोळा आणि पडदा यांच्यामध्ये हवा कोंडली जाते, खोल गेल्यावर तिचा दाब बरोबरीत येऊ शकत नाही आणि कानाला इजा होते. पाणबुड्यांना कानबोळे वर्ज्य असतात ते याचसाठी.

ऐकू न येणाऱ्याने शर्यतीत इशारा कसा ओळखावा, याचे उत्तर मात्र फार देखणे आहे. दक्षिण आफ्रिकेचा टेरेन्स पार्किन जन्मापासून बहिरा. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये त्याने रौप्यपदक मिळवले. शर्यत सुरू होण्याचा भोंगा त्याला ऐकू येत नव्हता, म्हणून त्याच्यासाठी दिव्याचा झोत चमकवण्याची सोय होती. कानाने जे कळत नाही ते डोळ्याने कळवायचे, एवढेच. आमच्या तलावावरच्या जीवरक्षकाला मी हेच सांगितले. गुरुजींच्या नावाने शिट्टी फुंकून उपयोग नाही. लाल कापड हलवायचे. त्याने ते आनंदाने मान्य केले. तोपर्यंत गुरुजी आपले ऐकत नाहीत म्हणून तो मनातून रागावलेला होता, हे तेव्हा कळले.

दृष्टिहीन जलतरणपटूंची सोय त्याहून साधी. तलावाच्या टोकाशी एक सहकारी लांब काठी घेऊन उभा राहतो, काठीच्या टोकाला मऊ चेंडू. पोहणारा भिंतीजवळ आला की त्याच्या डोक्यावर किंवा पाठीवर हलकेच टोकायचे. पूर्ण दृष्टिहीनांच्या गटात सर्वांनी काळे केलेले गॉगल घालायचे असतात, कुणाला थोडा उजेड दिसतो आणि कुणाला नाही, असा भेद राहू नये म्हणून. याच गटात नागपूरच्या कांचनमाला पांडे यांनी २०१७ साली मेक्सिकोत झालेल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत २०० मीटर मिडलेचे सुवर्णपदक जिंकले. दोन्ही हात नसलेले काही पॅरा जलतरणपटू पाठीवर पोहण्याची शर्यत सुरू करताना टॉवेलचे टोक दातांत धरतात, तेही नियमात बसते. आणि आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर! १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे बळ गेलेला हा जवान १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह घेऊन आला. त्यांच्यापाशी कोणतेही यंत्र नव्हते. पाणी शरीराचा भार उचलते, एवढा एकच गुण त्यांना पुरला.

हे सारे मी गुरुजींना घरी जाऊन सांगितले. नंबरचा गॉगल आणि बोळे त्यांना पटले. काठीचे नाव काढताच त्यांचा चेहरा बदलला. "डॉक्टर, मी अजून आंधळा झालेलो नाही."

मग मी मायकेल फेल्प्सची गोष्ट सांगितली. २००८ सालचे बीजिंग ऑलिंपिक, २०० मीटर बटरफ्लायची अंतिम शर्यत. पाण्यात उडी घेतल्यावर त्याच्या गॉगलमध्ये पाणी शिरू लागले आणि शेवटच्या टप्प्यात त्याला भिंत दिसेना. तो हातांचे फटके मोजत गेला. एका फेरीला आपल्याला किती फटके लागतात हे त्याला पाठ होते. त्या शर्यतीचे सुवर्णपदक त्याला मिळाले, आणि विश्वविक्रमही झाला. गुरुजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हे अंकगणित आहे." चार महिन्यांनी त्यांचा जुना आवाज ऐकू आला, असे सूनबाई नंतर म्हणाल्या.

स्पर्धेच्या जगातले सगळेच तंत्रज्ञान असे उपकारक नाही. २००८ साली स्पीडो कंपनीने अवकाश संशोधन संस्था नासाच्या मदतीने पारखलेला एक पोशाख बाजारात आणला, एलझेडआर रेसर. अंग इतके आवळणारा की तो चढवायलाच वीस-तीस मिनिटे लागत. पाठोपाठ इतरांनी संपूर्ण पॉलियुरेथेनचे पोशाख काढले. २००९ च्या रोम येथील जागतिक स्पर्धेत एकाच आठवड्यात ४३ विश्वविक्रम झाले, आणि माणूस पोहतो आहे की कापड, असा प्रश्न पडला. १ जानेवारी २०१० पासून असे पोशाख बंद झाले. पुरुषांसाठी कमरेपासून गुडघ्यापर्यंत आणि स्त्रियांसाठी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, तेही विणलेल्या कापडाचेच, असा नियम आला. हे इथे सांगायचे कारण असे की माझ्या एका साठीच्या रुग्णाने परदेशातल्या मुलाकडून असाच आवळ पोशाख मागवला होता. पाण्यात गळ्यापर्यंत उतरल्यावर पाण्याच्या दाबाने पायांतले आणि पोटातले सुमारे ७०० मिलिलिटर रक्त छातीकडे ढकलले जाते. निरोगी हृदय ते सहज सोसते. अशक्त हृदयाला तो अचानक आलेला पाहुण्यांचा लोंढा असतो. त्यात छाती आवळणारा पोशाख म्हणजे श्वासावर आणखी एक ओझे. ज्यांचे हृदय अशक्त आहे, ज्यांच्या पायांवर सूज येते, ज्यांना रात्री उशी उंच लागते, त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय छातीच्या वर पाण्यात उतरू नये. कपडा सैलसर, साधा असावा. शर्यत कुणाशी नाही.

मनगटावरच्या घड्याळाचेही तेच. प्रकाश टाकून नाडी मोजणारी घड्याळे पाण्यात चुकतात, कारण घड्याळ आणि कातडी यांच्यामध्ये पाणी शिरते आणि हात सतत हलतो. शिवाय पाण्यात नाडी जमिनीवरच्यापेक्षा थोडी मंदच चालते. म्हणून आकड्यापेक्षा श्वासावर भरवसा ठेवावा. फेरी संपल्यावर एक पूर्ण वाक्य न धापता बोलता आले तर वेग ठीक आहे. मधुमेहींनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, उतरण्यापूर्वी साखर तपासावी, काठावर गूळ किंवा ग्लुकोज ठेवावे, आणि तळव्यांची संवेदना कमी असेल तर रबरी जोडे घालूनच फरशीवरून चालावे. उन्हाने तापलेल्या काठावर पोळलेले पाय मी पाहिले आहेत, आणि ते पोळल्याचे रुग्णाला घरी गेल्यावर कळले होते.

वेळ मोजण्याच्या यंत्राची गोष्ट मात्र मला सांगितल्यावाचून राहवत नाही, जरी तिचा तब्येतीशी संबंध थोडा आहे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या शर्यतीत अमेरिकेच्या लान्स लार्सनची वेळ तिन्ही घड्याळांवर ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेविटपेक्षा कमी होती. तरी पंचांच्या नजरेने सुवर्ण डेविटला दिले. पुढे १९६७ साली विनिपेगच्या पॅन अमेरिकन स्पर्धेत भिंतीवर हाताच्या दाबाने घड्याळ थांबवणारे फलक बसवले गेले. ते लाटेने थांबत नाहीत, हातानेच थांबतात. १९७२ मध्ये म्युनिचला ४०० मीटर मिडलेत स्वीडनच्या गुनार लार्सनने अमेरिकेच्या टिम मकीला सेकंदाच्या दोन सहस्रांशांनी हरवले, आणि मग लोकांच्या ध्यानात आले की एका सहस्रांशात पोहणारा जेमतेम दीड-दोन मिलिमीटर सरकतो. तलावाच्या दोन मार्गिकांची लांबीसुद्धा इतकी तंतोतंत सारखी बांधता येत नाही. तेव्हापासून शतांशापर्यंतच मोजतात. गुरुजींना ही गोष्ट सर्वांत आवडली. मोजमाप किती बारीक करायचे हे मोजणाऱ्याने नव्हे तर भिंत बांधणाऱ्याने ठरवले, असे ते म्हणाले.

एक इशारा नातवंडांसाठी, कारण आजोबांबरोबर तीही तलावावर येतात. पाण्याखाली श्वास रोखून कोण जास्त वेळ राहतो, हा खेळ पोरे खेळतात. त्याआधी भराभर खोल श्वास घेतले की अधिक टिकता येते, असे ती एकमेकांना शिकवतात. टिकता येते, पण कारण वेगळे. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, आणि श्वास घे असे मेंदूला सांगणारा इशारा तोच देतो. इशारा येण्याआधीच ऑक्सिजन संपतो आणि मूल आवाज न करता बेशुद्ध होते. पाण्याखालच्या खेळांतले निष्णात लोकही जोडीदार शेजारी असल्याशिवाय श्वास रोखत नाहीत. आपल्या घरी या खेळाला सरळ मनाई असावी. 'बंद करा' हा सल्ला इथे मी विचार करून देतो आहे.

गुरुजींचा गॉगल यायला दोन आठवडे लागले. कानाच्या बोळ्यांना अपेक्षेपेक्षा जास्त खर्च आला, मुलाने कुरकुर केली आणि दिला. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कान कोरडा असल्याची खात्री करून परवानगी दिली. कान वाहू लागला तर त्या दिवशी पाणी नाही, ही अट घातली. पहिल्या दिवशी मीही तलावावर गेलो. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून त्यांनी आधी बोळे तपासले. मग एक फेरी. पंचवीस मीटरला एकोणतीस फटके. दुसरी फेरी, तीस. थकवा येईल तसा आकडा वाढतो, हे त्यांनीच ताडले आणि पंचविसाव्या फटक्याला हात पुढे धरून वेग कमी करायचे ठरवले. पलीकडच्या टोकाला त्यांची आठवीतली नात वेळूची काठी घेऊन उभी होती. काठीच्या टोकाला टेनिसचा चेंडू घट्ट बांधलेला. आजोबांनी नको म्हटलेले तिने ऐकले नव्हते. तिसऱ्या फेरीला मोजणी चुकली आणि चेंडू टक्कन् डोक्याला लागला. गुरुजींनी डोके वर काढून तिच्याकडे पाहिले. रागावतील असे वाटले. ते म्हणाले, "किती होते ग?" ती म्हणाली, "सत्तावीस, आजोबा."

सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत साखरेचा आकडा ७.४ आला. पूर्वीइतका उतरलेला नाही, गुडघेही पुरते सुटलेले नाहीत. वीसच्या जागी बारा फेऱ्या होतात. पण मागच्या महिन्यात ते औषधाची चिठ्ठी घ्यायला आले तेव्हा खिशातून एक कागद काढून त्यांनी मला वाचायला दिला. बारा वर्षे त्या तलावात पोहूनही त्यांनी त्याचा तळ कधी पाहिला नव्हता. नव्या गॉगलमधून तो दिसला आणि खोल बाजूच्या सतरा फरशा फुटल्याचेही दिसले. फरशांच्या जागा दाखवणारा आकडेवार नकाशा जोडून त्यांनी नगरपालिकेकडे अर्ज केला होता. त्याची ती प्रत. उत्तर आलेले नाही. दर सोमवारी पोहून झाल्यावर ओल्या केसांनीच ते कार्यालयात चौकशीला जातात.